परदेशात कारखाना टाकताना गुंतवणूक करारातलं नेमकं काय बघायचं? (आयएसडीएस, म्हणजे गुंतवणूकदार विरुद्ध सरकार लवादाचा धागा)

मकरपुरा_जीआयडीसी

निर्यातीच्या धाग्यावर हा विषय भरकटत होता म्हणून वेगळा धागा काढतोय. बडोद्याच्या मकरपुरा, नंदेसरी, सावलीकडच्या मध्यम कंपन्या आता दुबईत, आफ्रिकेत, इंडोनेशियात भागीदारीत प्लांट टाकायला लागल्या आहेत. उद्या तिथल्या सरकारने परवाना रद्द केला, जमीन काढून घेतली किंवा लेखी कबूल केलेली सवलत दिलीच नाही, तर भारतीय कंपनी त्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते म्हणतात. कधी खेचू शकते आणि कधी नाही? व्होडाफोन, केर्न ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण ती मागच्या तारखेपासून लावलेल्या (पूर्वलक्षी) करावरून परदेशी कंपनी विरुद्ध भारत अशी प्रकरणं. मला उलट दिशेची माहिती हवी आहे.

"चांगला वकील गाठा" एवढंच कृपया लिहू नका. वकिलाकडे जाताना हातात काय असायला हवं, ते लिहा.

न्यायमंदिर

सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासा: त्या देशाशी भारताचा करार आज जिवंत आहे का, आणि तुमचे पैसे कोणत्या तारखेला गेले.

२०१५ च्या शेवटी भारताने नवा नमुना करार (पुढच्या करारांचा साचा) मंजूर केला आणि त्यानंतर पन्नासहून जास्त देशांना जुने द्विपक्षीय गुंतवणूक करार (बीआयटी) संपवण्याच्या नोटिसा दिल्या. ब्रिटनबरोबरचा १९९४ चा करार, जो भारताचा पहिलाच होता, मार्च २०१७ मध्ये संपला. पण 'संपला' म्हणजे लगेच मेला असं नाही. करार चालू असताना झालेल्या गुंतवणुकीला पुढे १५ वर्षं संरक्षण राहतं, म्हणजे मार्च २०३२ पर्यंत. काही करारांत ही शेपटी १० वर्षांची आहे. त्यामुळे एकाच देशात २०१६ ला टाकलेल्या प्लांटला संरक्षण आणि २०१९ ला शेजारी टाकलेल्या दुसऱ्या युनिटला काहीच नाही, असं होऊ शकतं. विस्तारासाठी नंतर पाठवलेले पैसे जुन्या गुंतवणुकीत धरायचे की नव्या, यावरही भांडण होतं.

दुसरी गोष्ट. मुक्त व्यापार करार झाला म्हणजे हे संरक्षण आपोआप आलं, असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलियाबरोबरचा २०२२ चा करार, ईएफटीए देशांबरोबरचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) मार्च २०२४ चा, ब्रिटनबरोबरचा जुलै २०२५ चा: तिन्हींत गुंतवणूकदाराने सरकारवर थेट दावा लावायची सोय नाही. सिंगापूर (२००५), कोरिया (२०१०) आणि जपान (२०११) यांच्याशी झालेल्या जुन्या सर्वंकष करारांत ती आहे.

वारसिया

मुळात ही व्यवस्थाच चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये सिगारेटच्या पाकिटावरची झगमग काढायचा कायदा केला तर फिलिप मॉरिसने दावा ठोकला. उद्या एखाद्या गरीब देशाने प्रदूषणाचे नियम कडक केले की आपल्याच नंदेसरीच्या कंपन्या तिकडे दावा लावणार. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा निर्णय तीन खासगी लवाद बसून मोजणार, हे कुठलं लोकशाहीत बसतं?

कोठीकर

वारसियाभाऊ, तत्त्वाचं भांडण रास्त आहे, पण तुमचंच उदाहरण पुढे नेलं तर ते मकरपुरांच्या कामाचं निघतं. फिलिप मॉरिस ऑस्ट्रेलियात हरली, आणि तीही सिगारेटच्या मुद्द्यापर्यंत न पोचता. साध्या पाकिटाची घोषणा एप्रिल २०१० ची. कंपनीने ऑस्ट्रेलियातला धंदा हाँगकाँगच्या कंपनीखाली आणला फेब्रुवारी २०११ मध्ये, १९९३ चा हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया करार वापरता यावा म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये लवादमंडळाने सांगितलं की वाद समोर दिसत असताना केवळ दावा लावता यावा म्हणून रचना बदलणं हा हक्काचा दुरुपयोग आहे. फाइल तिथेच बंद. २०१६ मध्ये उरुग्वेविरुद्धही तीच कंपनी हरली, ती मात्र मूळ मुद्द्यावर.

तेव्हा मॉरिशस, सिंगापूर किंवा नेदरलँड्समधून पैसे फिरवून आधार मिळवायचा असेल, तर ते पहिल्या दिवशी, कुठलाही वाद नसताना करायचं. शिवाय बऱ्याच करारांत 'लाभ नाकारण्याचं' कलम असतं. मधल्या देशातल्या कंपनीचा तिथे खरा धंदा नसेल, नुसती पेटी आणि पाटी असेल, तर यजमान देश संरक्षण नाकारू शकतो. तिथे ऑफिस, माणसं, बोर्डाच्या बैठका, बँक व्यवहार हे सगळं कागदावर दिसलं पाहिजे.

मकरपुरा_जीआयडीसी

हे छान. पण भारतीय कंपनी जिंकल्याचं एखादं उदाहरण आहे का, की सगळे आपल्यावरच जिंकतात?

न्यायमंदिर

आहे. फ्लेमिंगो ड्यूटी फ्री विरुद्ध पोलंड. वॉर्सा विमानतळावरच्या दुकानांचे भाडेकरार विमानतळ चालवणाऱ्या सरकारी कंपनीने मोडले. पोलंडचं म्हणणं, ती वेगळी कंपनी आहे, आमचा काय संबंध. मंडळाने ते मानलं नाही आणि २०१६ मध्ये भारत-पोलंड कराराखाली भरपाई दिली. समोरची संस्था सरकारी कंपनी, महामंडळ किंवा बंदर प्राधिकरण असेल तर तिचं कृत्य देशाचं ठरू शकतं, हा यातला कामाचा भाग. त्यासाठी ती कोणाच्या मालकीची, कोणत्या कायद्याने कुठलं सरकारी काम करते, निर्णयामागे मंत्रालयाचं पत्र होतं का, हे पुरावे लागतात.

हरल्याचंही घ्या. इंडियन मेटल्स अँड फेरो अलॉइज विरुद्ध इंडोनेशिया, २०१९. कोळशाच्या खाणपट्ट्यावर दुसऱ्यांचे परवाने चढलेले निघाले. मंडळाचं म्हणणं थोडक्यात असं की हद्दींचा घोळ तुम्ही खाण घेण्याआधीपासूनचा आहे, नीट तपास केला असता तर दिसला असता. दावा गेला आणि इंडोनेशियाचा खर्चही अंगावर आला.

म्हणून जमीन किंवा परवाना घेण्याआधीचा तपास-अहवाल फार महत्त्वाचा. स्थानिक वकिलाचा शोध-अहवाल, जिल्हा आणि केंद्र दोन्ही पातळ्यांवरचे नकाशे, आधीच्या धारकांची यादी, आणि हे सगळं पैसे जाण्याच्या आधीच्या तारखेचं. नंतर बनवलेला अहवाल उलटतो.

सीए_रावपुरा

कागदांचं निघालंच आहे तर इकडची बाजू सांगते. "आम्ही गुंतवणूकदार आहोत" हे सिद्ध करायची पहिली साखळी आपल्या बँकेतच असते, आणि तीच बहुतेकांची विस्कटलेली असते.

२२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. पैसे पाठवण्याआधी अधिकृत डीलर बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा. भांडवल, कर्ज, हमी हे सगळं मिळून साधारण मार्गाने निव्वळ मालमत्तेच्या ४००% पर्यंत परवानगी. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल. उशीर झाला तर लेट फी भरून सुटता येतं, पण फाइलमध्ये भोक राहतं.

आता बिघडतं कुठे ते बघा.

मशिनरी इथून पाठवली, पण ती भांडवलात न दाखवता साधी निर्यात दाखवली आणि बिलाचे पैसे "येणे" म्हणून चोपड्यात पडून आहेत. लवादापुढे ते तुमचं भांडवल नव्हे, उधारीवर विकलेला माल. उधारीच्या विक्रीला बहुतेक करार गुंतवणूक मानत नाहीत. भारताच्या नमुना करारात तर ते सरळ वगळलं आहे.

दुसरं, शेअर प्रमोटरच्या भावाच्या नावावर, पैसे कंपनीच्या खात्यातून. मग दावेदार कोण?

तिसरं, एपीआरमध्ये प्लांटची किंमत एक, तिथल्या ऑडिटमध्ये दुसरी, बँकेच्या कर्जासाठी तिसरी. समोरचा वकील हे तिन्ही आकडे एका पानावर मांडतो आणि उलटतपासणी तिथेच संपते.

दांडिया_बाजार

ताई, भरपाई मोजतात कशी? आठ कोटी घातले आणि पुढच्या वीस वर्षांचा नफा शंभर कोटी धरला तर शंभर मिळतात का?

कोठीकर

चालू, कमावता धंदा असेल तर भविष्यातल्या रोकडीचं आजचं मूल्य काढतात. धंदा सुरूच झाला नसेल तर सहसा घातलेले पैसे अधिक व्याज. मेक्सिकोविरुद्ध मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीला २००० मध्ये सुमारे १.६७ कोटी डॉलर मिळाले ते याच हिशेबाने, कारण ते कचरा-भराव केंद्र चाललंच नव्हतं. उलट पाकिस्तानात रेको डिक खाणीतून काही निघालं नव्हतं तरी २०१९ मध्ये व्याज धरून ५८० कोटी डॉलरच्या वर निवाडा झाला. यावर टीका खूप झाली आणि रास्तही होती. मध्यम कंपनीने घातलेल्या पैशांचाच हिशेब धरून चालावं. म्हणजे प्रत्येक खर्चाचं बिल, ऑडिट केलेलं.

वारसिया

रेको डिकवर माझं म्हणणं सिद्ध झालं की नाही? ज्या देशाने २०१९ मध्येच नाणेनिधीकडून ६०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं, त्याच्यावर तेवढाच निवाडा.

कोठीकर

झालं की. म्हणूनच नव्या करारांची धार कमी केली आहे. भारताच्या नमुन्यातून 'न्याय्य आणि समान वागणूक' हे मोघम कलम काढलं. त्या जागी चारच गोष्टी ठेवल्या: न्याय नाकारणं, रीतसर प्रक्रियेचा मूलभूत भंग, लिंग, वंश, धर्म अशा कारणांवरून नेम धरून केलेला भेदभाव, आणि उघड छळाची वागणूक. कर पूर्ण बाहेर. 'सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र' हे कलम (दुसऱ्या देशाच्या गुंतवणूकदाराला दिलेली जास्त चांगली वागणूक तुम्हालाही) बाहेर. पण हीच कात्री आता तिकडे गेलेल्या भारतीय कंपनीलाही लागते.

विश्वामित्री

सर्वाधिक पसंतीचं कलम का काढलं, ते व्हाइट इंडस्ट्रीजमुळे. हे प्रकरण कलमाकलमाने वाचण्यासारखं आहे.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाशी पिपरवार खाणीचा करार केला. बोनस आणि दंडावरून वाद, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या (आयसीसी) लवादाने कंपनीला सुमारे ४०.८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. त्याच वर्षी कोल इंडिया निवाडा रद्द करायला कोलकाता उच्च न्यायालयात, कंपनी वसुलीसाठी दिल्लीत. अधिकारक्षेत्राचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे पडून राहिला. २०१० मध्ये कंपनीने भारत सरकारवर कराराखाली दावा लावला.

इतका उशीर म्हणजे न्याय नाकारणं का? मंडळ म्हणालं, नाही, तेवढं टोक गाठलेलं नाही. पण भारत-ऑस्ट्रेलिया करारात सर्वाधिक पसंतीचं कलम होतं, आणि भारत-कुवेत करारात 'हक्क बजावण्याची परिणामकारक साधनं' देण्याचं वचन होतं. कंपनीने कुवेतचं वचन पसंतीच्या कलमातून ओढून आपल्या करारात आणलं. ३० नोव्हेंबर २०११ ला भारत हरला, नऊ वर्षांच्या कोर्टाच्या खोळंब्यावर.

शेजाऱ्याच्या पाइपमधून पाणी ओढल्यासारखंच झालं ते. भारताने पुढच्या नमुन्यात पाइपच कापला.

मकरपुराभाऊ, तुमच्या देशाचा करार जुना असेल तर हे कलम त्यात आहे का बघा. असेल तर त्या देशाचे इतर देशांशी असलेले करारही वाचायला लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापार-विकास संस्थेच्या संकेतस्थळावर सगळे मजकूर फुकट आहेत.

न्यायमंदिर

आता घड्याळ. नव्या नमुन्याच्या करारात लोक इथेच मरतात, म्हणून तारखा घालून लिहितो. समजा परवाना रद्द झाल्याचं १ एप्रिल २०२० ला कळलं.

एका वर्षाच्या आत, म्हणजे मार्च २०२१ संपायच्या आत, त्या देशाच्या कोर्टात किंवा प्राधिकरणात जायलाच हवं. माहिती मिळाल्यापासून पाच वर्षं तिथले उपाय करून बघायचे: १ एप्रिल २०२५. तोवर समाधान नाही झालं तर वादाची नोटीस, आणि पुढे सहा महिने वाटाघाटी: १ ऑक्टोबर २०२५. मग लवादाची नोटीस, दावा दाखल करण्याच्या किमान ९० दिवस आधी: डिसेंबर २०२५ अखेर. आणि बाहेरची मर्यादा माहिती मिळाल्यापासून सहा वर्षं, म्हणजे मार्च २०२६ अखेर. हातात उरले तीन महिने.

वादाची नोटीस द्यायला कोणी चार महिने घालवले, तर सरळ हिशेबाने दावा मेला. स्थानिक खटला निकाली निघाल्यापासून १२ महिन्यांची वेगळी मर्यादा आहेच, आणि दाखल करताना बाकी सगळे दावे सोडल्याचं लेखी द्यावं लागतं.

विश्वामित्री

९० दिवस त्या सहा महिन्यांच्या पोटातच बसतात असा युक्तिवाद करता येतो. मजकुरात 'संपल्यावरच द्या' असं म्हटलेलं नाही.

न्यायमंदिर

करता येतो, पण त्यावर कोणी विसंबू नये. अधिकारक्षेत्राच्या आक्षेपावरच वर्ष-दीड वर्ष जातं आणि फी चालू राहते.

सीए_रावपुरा

दुबईवाल्यांसाठी: भारत-यूएई नवा करार १३ फेब्रुवारी २०२४ ला झाला, ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू. त्यात स्थानिक उपायांची मुदत पाचाऐवजी तीन वर्षं आहे, आणि शेअर-बाँडमधली गुंतवणूकही धरली आहे. तिसऱ्याच्या पैशांवर दावा लढायला मनाई. म्हणजे निधी कंपनी गाठून "जिंकलो तर वाटा" हा मार्ग तिथे बंद. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नमुना करार गुंतवणूकदाराला जास्त अनुकूल करण्याची घोषणा झाली आहे, तेव्हा पुढच्या करारांचा साचा बदललेला असू शकतो. प्रत्येक वेळी मूळ मजकूर उघडा.

दांडिया_बाजार

खर्च किती येतो? कोणी सांगत नाही.

कोठीकर

ओईसीडीने (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) २०१२ मध्ये काढलेली सरासरी: दोन्ही बाजूंचा मिळून प्रति प्रकरण ८० लाख डॉलरच्या वर. त्यातला सिंहाचा वाटा वकील आणि तज्ज्ञांचा, लवादांची फी त्या मानाने कमी. वेळ: केर्नची नोटीस मार्च २०१५, निवाडा डिसेंबर २०२०. माझ्या मते पाच-दहा कोटींच्या गुंतवणुकीला हा मार्ग कागदावरच आहे. नोटीस पाठवून वाटाघाटीला बसवण्यापुरता उपयोग, आणि तो उपयोगही कमी नाही. निसानने २०१६ मध्ये तमिळनाडूच्या थकलेल्या सवलतींसाठी जपान कराराखाली भारत सरकारवर ५,००० कोटींच्या वरचा दावा लावला, आणि पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं. वचन राज्याचं, प्रतिवादी केंद्र. तुमच्याही बाबतीत प्रांताने दिलेलं वचन देशावर येतं, पण ते कोणाच्या सहीचं आहे हे बघा. मंत्र्याच्या भाषणावर दावा उभा राहत नाही.

वारसिया

आणि जिंकून पैसे नाही मिळाले तर?

विश्वामित्री

भारत इक्सिडचा (जागतिक बँक गटाचं गुंतवणूक लवाद केंद्र) सदस्य नाही, म्हणून भारतीय कंपनीला बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या अन्सिट्रल लवाद नियमांनी जावं लागतं. मग लवादाची कायदेशीर जागा कोणती, याला फार वजन येतं, कारण निवाडा रद्द करायचा अर्ज तिथल्याच कोर्टात होतो. व्होडाफोनचा निवाडा भारताने सिंगापूरला आव्हान दिला, केर्नचा हेगला. जिथे कोर्ट ढवळाढवळ कमी करतं अशी जागा मागा.

वसुली १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने (परदेशी लवादाचे निवाडे सदस्य देशांनी लागू करायचे), त्या देशाची मालमत्ता जिथे असेल तिथे. दूतावासाच्या वापरातली इमारत, तिथलं बँक खातं, लष्करी सामान यांना हात लागत नाही. व्यापारी मालमत्ता लागते. केर्नने २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर कोर्टाचा आदेश मिळवला आणि न्यूयॉर्कला एअर इंडियावर दावा लावला. ऑगस्टमध्ये भारताने पूर्वलक्षी कराचा कायदाच बदलला आणि २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी परत केले. तुमच्या छोट्या यजमान देशाची बाहेर मालमत्ता आहे का, हे आधीच बघितलेलं बरं.

मकरपुरा_जीआयडीसी

म्हणजे करार नसेल, किंवा असून परवडत नसेल, तर काय?

न्यायमंदिर

मग सगळा भार तुमच्या स्वतःच्या कंत्राटावर. यजमान सरकारशी किंवा सरकारी कंपनीशी कंत्राट असेल तर त्यात लवादाचं कलम, तिसऱ्या देशातली जागा, वसुलीपासूनच्या सार्वभौम संरक्षणाचा लेखी त्याग, आणि कायदा बदलल्यास भरपाईचं कलम. जीएमआर या भारतीय कंपनीचा माले विमानतळाचा ठेका २०१२ मध्ये मालदीवने रद्द केला, तेव्हा दावा गुंतवणूक कराराखाली नव्हता. कंत्राटातल्या लवाद कलमाखाली सिंगापूरला लढला आणि पैसे मिळाले.

सीए_रावपुरा

आणि विमा. ईसीजीसी या केंद्र सरकारच्या निर्यात पत हमी कंपनीचं परदेशी गुंतवणूक विमा कवच आहे: युद्ध, सरकारने ताब्यात घेणं, पैसे मायदेशी पाठवायला बंदी. जागतिक बँक गटातल्या मिगाकडे कंत्राटभंगाचंही मिळतं. दोन्हीकडे अर्ज गुंतवणुकीच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला करायचा. कुरबूर सुरू झाल्यावर कोणी उभं करत नाही.

दांडिया_बाजार

स्थानिक भागीदार ५१ टक्क्यांचा असेल तर ४९ टक्केवाला दावा लावू शकतो का?

विश्वामित्री

जुन्या करारांत शेअर ही गुंतवणूक असते, त्यामुळे अल्पमतवालाही लावू शकतो, आपल्या वाट्यापुरता. नव्या नमुन्यात मात्र गुंतवणूक म्हणजे त्या देशात कायद्याने स्थापन झालेला आणि चालवलेला उद्योग, आणि तिथल्या उद्योगाच्या नावाने दावा लावायला मालकी किंवा ताबा लागतो. ४९ टक्क्यांवर असाल तर संचालक नेमण्याचे आणि मोठे निर्णय अडवण्याचे हक्क भागधारक करारात घ्या, आणि दाव्यासाठी भागीदाराची संमती लागणार नाही हेही तिथेच लिहून घ्या. पुष्कळ वेळा तो भागीदार तिथल्या सत्तेच्या जवळचा असतो, ऐनवेळी सही देत नाही.